शिकाऊ हात, दुसऱ्याचा डोळा

साहित्य शिकविणाऱ्यांना एक मोठे सुख असते: विद्यार्थ्याच्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही. मर्ढेकरांची कविता एखाद्याने पार उलटी लावली तरी कविता जागच्या जागी राहते. पुढच्या वर्षी पुढची तुकडी येते आणि तीच कविता पुन्हा तितकीच अखंड हाती घेते. वाचकाला चुकण्याचा अधिकार आहे, असे आम्ही वर्गात इतक्या वेळा बजावले आहे की विद्यार्थी आता ते आमच्या आधी म्हणतात. हा अधिकार आम्हांला इतका स्वस्त का पडतो, याचा विचार करण्याची वेळ मात्र भाचीमुळे आली.

भाची नेत्रविभागात निवासी डॉक्टर आहे. एम.बी.बी.एस. आणि आंतरवासिता उरकून, ‘नीट पीजी’च्या चाळणीतून पार पडून, तीन वर्षांच्या एम.एस. अभ्यासक्रमाला ती मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात दाखल झाली. सुटी मिळालीच, तर डहाणू लोकलने बोईसरला उतरते आणि रिक्षा करून नवापूरला आजोळी येते. पहिला दिवस झोपण्यात जातो. दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून ती जे सांगते, त्यातूनच या विद्येची आमची सगळी माहिती जमलेली आहे. काही पुढे आम्ही वाचून पडताळले. जाणकारांनी हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आमची समजूत अशी होती की शल्यविद्या शिकणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवसापासून शस्त्र देत असतील. प्रत्यक्षात पहिले वर्ष बहुतेक बाह्यरुग्ण विभागात, अंधाऱ्या खोलीत जाते. रेटिनोस्कोप नावाच्या उपकरणाने रुग्णाच्या बाहुलीत प्रकाशाची एक पट्टी सोडायची आणि ती हलविली असता आतून परत येणारी लाली तिच्याबरोबर सरकते की विरुद्ध दिशेला, हे पाहायचे. मध्ये एकेक काच धरत जायचे. ज्या काचेला ती लाली सरकायची थांबते आणि सबंध बाहुली एकदम उजळते, तिथून चष्म्याचा नंबर निघतो. रुग्णाने एक अक्षरही बोलण्याची गरज नसते. तान्ह्या मुलाचा, मुक्या माणसाचा, ‘दिसतंय का?’ या प्रश्नाला भीतीने दरवेळी ‘हो’च म्हणणाऱ्या म्हातारीचा नंबर असाच काढतात. पहिले काही महिने भाचीला त्या बाहुलीत काहीच दिसत नसे. वरिष्ठ म्हणत, ‘सरकतंय बघ,’ आणि ती म्हणे, ‘हो सर.’ थोडक्यात, त्या काळात म्हातारी आणि डॉक्टर दोघीही भीतीने हो म्हणत होत्या.

त्याहून चमत्कारिक प्रकार दृष्टिपटल पाहण्याचा. डोक्याला दिवा बांधून आणि हातात भिंग धरून डोळ्याचा पाठचा पडदा पाहायचा, तर त्याची प्रतिमा उलटी दिसते. वरचे खाली आणि डावे उजवीकडे. ती मनातल्या मनात सुलट करण्याऐवजी कागदच उलटा धरून दिसते तसे काढायला शिकवितात. त्या चित्रांचे रंगही ठरलेले आहेत. रोहिण्या तांबड्या, नीला निळ्या, सुटलेला पडदा निळा, रक्तस्राव तांबडा, पुढच्या पारदर्शक भागातली गढूळता हिरवी. भाचीच्या पिशवीत शाळकरी मुलासारखी रंगीत पेन्सिलींची पेटी असते. आमच्या वर्गातली मुले पाठ्यपुस्तकाच्या समासात रंगीत खुणा करतात त्यांची तिला गंमत वाटते, कारण तिच्या खुणांवर पुढे कोणाचा तरी डोळा उघडला जाणार असतो.

हाताला पहिले काम मिळाले ते फुटकळ होते. ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा कण बुबुळावर रुतून बसतो. तो स्लिट लॅम्पसमोर, इंजेक्शनच्या सुईच्या टोकाने अलगद उचलायचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे कामाला जाणाऱ्या आमच्या गावाला यात नवल नाही. डोळा तांबडा करून घरी आलेले आणि शेजाऱ्याकडून रुमालाच्या टोकाने कण काढून घेणारे लोक आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. रसायन उडाले तर आधी पाण्याने डोळा धूत राहा आणि मग डॉक्टरकडे पळा, एवढे मात्र भाचीने गावातल्या पोरांना दरडावून पाठ करून घेतले आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तयारी यांपैकी कशातूनच होत नाही. ती बकऱ्यापासून होते. खाटकाकडून डोळे आणतात, थर्मोकोलच्या मुखवट्यात बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कापण्या-शिवण्याचा सराव करतात. शिवायचा धागा केसाहून कितीतरी बारीक असतो. खोलीत पंखा लागला तर तो उडून जातो. नवापूरला सूक्ष्मदर्शक नाही, म्हणून इकडे आली की ती टोमॅटो घेऊन बसते. टोमॅटोच्या सालीला चिमट्याने एक टोक फाडून, ते टोक गोल फिरवीत, कुठेही आडवे न जाऊ देता वर्तुळाकार साल सोडवायची. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगावर एक पातळ वेष्टन असते. त्याच्या पुढच्या भागात असेच साधारण पाच मिलिमीटरचे गोल दार करावे लागते. फाट वर्तुळ सोडून कडेला धावली तर पुढचे सगळेच बिघडते. आमच्या बहिणीने एका सुटीत त्या सोललेल्या टोमॅटोंचे सार केले होते.

हे पाहताना आम्हांला सुश्रुताची आठवण होणे साहजिक होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्यासूत्रीय’ नावाचा अध्याय आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, टरबूज, काकडी यांच्यावर करावा, शिरेचा वेध मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, शिवण कापडावर आणि मऊ कातड्यावर, असे तिथे बारकाईने सांगितले आहे. याच संहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूवर उपाय आहे, तो गढूळ झालेले भिंग शलाकेने दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारण्याचा. आमच्याकडे सर्व काही आधीच होते, असा सूर आम्हांला लावायचा नाही. तो लावणारे पुष्कळ आहेत. आम्हांला त्या अध्यायात वेगळेच दिसते. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने सराव केलेला नाही तो कर्माला अयोग्य, असे तो ग्रंथ मानतो. पण कोहळ्यानंतर पहिला माणूस कोणता, याबद्दल तिथे काही नाही. कोहळा आणि माणूस यांच्यामध्ये एक उडी आहे. ती कोणत्याच शतकात कोणाला टाळता आलेली नाही.

ही उडी जितकी लहान करता येईल तितकी करण्यासाठी आजचे शिक्षक एक युक्ती वापरतात. नवशिक्याला शस्त्रक्रिया शेवटाकडून शिकवायची. आधी सगळे वरिष्ठाने करायचे आणि अगदी अखेरची पायरी, जखमेच्या कडा पाण्याने फुगवून बंद करणे, तेवढी शिकाऊ डॉक्टरच्या हाती द्यायची. ती जमली की तिच्या आधीची, म्हणजे डोळ्यात भरलेला चिकट द्रव धुऊन काढणे. मग कृत्रिम भिंग बसविणे. मोतीबिंदूचा गाभा बाहेर काढणे आणि वेष्टनाला गोल दार पाडणे या पायऱ्या सर्वांत शेवटी येतात, कारण तिथे चूक सर्वांत महाग पडते. रहस्यकथा शेवटच्या प्रकरणापासून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर आम्ही रागावतो. या मंडळींना तोच क्रम जिवाची काळजी म्हणून लावून दिलेला आहे.

शिवाय सगळे हाताचेच काम नसते. सूक्ष्मदर्शक वरखाली करण्याचे पेडल एका पायाखाली असते. आणि जिथे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात त्या फेको पद्धतीत दुसऱ्या पायाखाली आणखी एक पेडल येते, ज्याच्या दाबाच्या एकेका टप्प्याला यंत्राचे वेगळे काम. डावा हात उजव्याइतका तयार हवा म्हणून भाची डाव्या हाताने दात घासते. डाव्या हाताने जेवू लागली तेव्हा आजीने ताट ओढून घेतले, तो प्रयोग तिथेच संपला.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येऊ. भिंगाच्या वेष्टनाचा मागचा भाग अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. केसाची जाडी त्याच्या दहापटीहून अधिक भरावी. शस्त्रक्रियेत हा पडदा शाबूत ठेवायचा असतो, कारण नवे भिंग त्याच्याच आधाराने बसते. तो फाटला की पाठीमागचा जेलीसारखा पदार्थ पुढे येतो आणि वीस मिनिटांचे काम तासावर जाते. निष्णात हातांकडूनही हे कधीमधी होते, शिकाऊ हातांकडून अधिक होते. जगभरच्या रुग्णालयांचा हाच अनुभव आहे. भाचीकडून तिच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांतच हे घडले. रुग्ण मोखाड्याकडचे एक आजोबा होते. वरिष्ठांनी तत्काळ जागा घेतली, पुढे आलेला पदार्थ साफ केला, भिंग थोड्या वेगळ्या जागी बसविले. आजोबांना पुढे बऱ्यापैकी दिसू लागले. भाची त्या आठवड्यात दोन दिवस नवापूरला आली आणि जवळजवळ बोलली नाही. नंतर एकदा म्हणाली, ‘मामा, सरांनी केली असती तर फाटला नसता. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. आजोबांना माहीत नाही.’

यावर देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ‘शिकताना चुका होतातच,’ हे आमच्या वर्गातले वाक्य तिथे उच्चारण्याची आमची हिंमत झाली नाही.

वाचकांना 2023 च्या मे महिन्याची अखेर आठवत असेल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात (भाचीचे रुग्णालय ते नव्हे) नेत्रविभागातील निवासी डॉक्टरांनी आंदोलन केले. आपल्याला शस्त्रक्रिया करण्याची पुरेशी संधी मिळत नाही, ही त्यांच्या तक्रारींतली मुख्य तक्रार होती. वरिष्ठांनी आरोप नाकारले आणि डॉ. तात्याराव लहाने, डॉ. रागिणी पारेख यांच्यासह नऊ जणांनी राजीनामे दिले. डॉ. लहाने हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. गोरगरिबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया प्रचंड संख्येने करणारे डॉक्टर म्हणून ते घरोघर माहीत आहेत, 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वादात कोणाचे किती खरे होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तशी इच्छाही नाही. पण त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे वाचताना आम्हांला जाणवले की सगळी चर्चा मानापमानाच्या आणि गटबाजीच्या भाषेत चालली होती. ज्याच्या डोळ्यावर हा वाद चालला होता तो माणूस त्यात कुठेच नव्हता. समोरच्या टेबलावरच्या रुग्णाचे हित सर्वांत कुशल हाताने शस्त्रक्रिया करण्यात असते. दहा वर्षांनी त्याच टेबलावर येणाऱ्या रुग्णाचे हित आज अकुशल हाताने ती करण्यात असते. हे दोन्ही रुग्ण खरे आहेत. त्यांतला एक दिसतो आणि दुसरा दिसत नाही, एवढाच त्यांच्यात फरक. चांगला शिक्षक रोज सकाळी या दोघांमध्ये सौदा करीत असतो.

आमच्या घरी हा सौदा आत्याच्या निमित्ताने आला. आत्या सत्तरी ओलांडलेली, जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. नोटा चाचपून ओळखू लागली तेव्हा भाचीच्याच रुग्णालयात न्यायचे ठरले. आमची बहीण, म्हणजे भाचीची आई, गेली दोन वर्षे ‘आमच्या पोरीला केसच देत नाहीत’ म्हणून तळतळत होती. तीच आता म्हणू लागली की आत्याच्या डोळ्याला मोठ्या डॉक्टरांनीच हात लावला पाहिजे, शिकाऊ पोरांनी नाही. यातली विसंगती तिला दिसत नव्हती असे नाही. ‘परक्याचा डोळा आणि आपला डोळा एक कसा?’ असे तिने सरळ विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. जगातली सगळी वैद्यकीय विद्या परक्याच्या डोळ्यावर उभी आहे, आणि तो परका मोखाड्याहून येतो, नवापूरहून येतो, फुकट उपचार जिथे मिळतो तिथे रांग लावतो. खाजगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याच्या डोळ्यावर सहसा कोणी पहिला हात बसवीत नाही.

भाचीने आपल्या माणसावर शस्त्रक्रिया करायची नाही, असा तिथला रिवाज. ती बाहेरच थांबली. संमतीपत्र वाचून दाखविले गेले. हे शिकविण्याचे रुग्णालय आहे, हेही त्यात होते. ते पुरे वाचून होण्याआधीच आत्याने अंगठा पुढे केला होता.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण सहसा जागा असतो, हे आम्हांला तोवर नीटसे उमगले नव्हते. डोळ्याभोवती बधिरतेचे इंजेक्शन देतात, तोंडावर कापड असते, दिसत काही नाही किंवा नुसते उजेडाचे रंग दिसतात. पण कान उघडे असतात. आत्याने सगळे ऐकले. बाहेर आल्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही की आत एक बाई एका पोरीला शिकवीत होती. पोरीला म्हणत होती, हळू. मग म्हणाली, फार कडक आहे, जपून. मग, थांब, मला दे. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. मग म्हणाली, घे परत.

आत्याला यात काहीच वावगे वाटले नव्हते. आपल्या सुनांना आपण मासळी कापायला असेच शिकविले, असे ती म्हणाली. मोरळीवर आधी बोंबील द्यायचे. मऊ असतात, बिघडले तरी वलांडीवर वाळत घालता येतात. पापलेट हातात द्यायचे ते वर्षाने. त्याचा तुकडा वाकडा गेला की गिऱ्हाईक जाते.

ती सहज बोलून गेली. आम्ही मात्र त्या रात्री बोंबील आणि पापलेट यांच्यापाशी अडकून पडलो. स्वस्त मासळी शिकाऊ हाताला, महाग मासळी जाणत्या हाताला, हा न्याय आत्याने सांगितला तो मासळीपुरता ठीक; पण आत्या स्वतः त्या टेबलावर बोंबील म्हणूनच निजली होती की काय? भाचीला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘उलट आहे, मामा. पैसेवाले लोक थोडे अंधूक दिसले की लगेच येतात. त्यांचा मोतीबिंदू मऊ असतो, निष्णात डॉक्टरला तो सोपा जातो. आमच्याकडे येणारे आंधळे होईपर्यंत थांबतात. त्यांचा गाभा तपकिरी, दगडासारखा. नवशिक्याला सगळ्यांत अवघड डोळेच मिळतात.’ म्हणजे मासळी स्वस्त, आणि काट्यांनी भरलेली.

आम्हांला त्या खोलीतले ‘घे परत’ हे दोन शब्द मात्र सारखे आठवतात. ‘मला दे’ म्हणणे त्या मानाने सोपे असावे. आत्याचा डोळा धोक्यात आलेला दिसला आणि त्या बाईंनी हत्यार काढून घेतले. धोका टळल्यावर काम स्वतःच पुरे करणे त्याहून सोपे होते. बाहेर रांग होती, वेळ वाचला असता, आपला हात अधिक चांगला आहे हे ठाऊक होते. तरी त्यांनी ते परत दिले. आम्ही विद्यार्थ्याच्या निबंधातली वाक्ये बदलू लागतो ती अखेरपर्यंत बदलत जातो, आणि त्याच्या हाती परत येतो तो आमचा निबंध. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. त्या बोटांना त्यांनी शस्त्र धरायला नव्याने शिकविले आणि पुढे, 1976 साली, अकरा खाटांवर ‘अरविंद’ हे नेत्ररुग्णालय उभे केले. तिथे आज देशोदेशीचे डॉक्टर शिकायला येतात. हाताला शिकणे किती जड जाते, हे ज्याच्या स्वतःच्या हाताला ठाऊक आहे त्यालाच कदाचित ‘घे परत’ म्हणता येत असेल.

प्रत्येक निवासी डॉक्टरची एक नोंदवही असते, लॉगबुक. केलेल्या, पाहिलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची तीत एक ओळ: दिनांक, रुग्णाचे वय, डोळा उजवा की डावा, शस्त्रक्रिया कोणती आणि शेवटी इंग्रजी अक्षरांची खूण. नुसती पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली, स्वतंत्रपणे केली, अशा चार पायऱ्यांच्या त्या खुणा. तीन वर्षांत एक माणूस शल्यचिकित्सक कसा होतो ते पाहायचे असेल तर त्या अक्षरांच्या रकान्यावरून वरून खाली बोट फिरवीत यावे. भाचीच्या वहीत आम्ही तसे फिरविले. मोखाड्याच्या आजोबांची ओळ इतर ओळींसारखीच आहे, फक्त समासात तिने पेन्सिलीने एक बारीक टिंब दिले आहे. आत्याची ओळ तिच्या वहीत नाही. ती त्या दुसऱ्या मुलीच्या वहीत असणार, देखरेखीखाली केलेल्यांमध्ये.

उजव्या डोळ्याने आत्याला आता स्वच्छ दिसते. बाजारात ती पुन्हा बसू लागली आहे आणि बर्फातल्या शिळ्या मासळीबद्दल शेजारणींशी भांडते. डाव्या डोळ्याची तारीख मिळाली तेव्हा बहिणीने पुन्हा मोठ्या डॉक्टरांचा विषय काढला. आत्याने भाचीला एवढेच विचारले की तीच पोरगी असेल ना. भाची म्हणाली, ‘नाही आजी, ती तीन महिने जिल्हा रुग्णालयात गेली आहे. आता सगळ्यांनाच जावे लागते.’ 2021 च्या तुकडीपासून तसा नियम झालेला आहे. ‘मग कोण?’ आत्याने विचारले. ‘नवी कोणी असेल.’

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तिला आधीच सांगून ठेव. डावा उजव्याइतका कडक नाही.’